नाताळची डुलडुल

१ डिसेंबर

आज मला घरातून हाकललं. घरातून म्हणजे स्वयंपाकघरातून, पण अपमान तो अपमानच.

झालं काय, दुपारी ऑफिसची मीटिंग संपली. मी विम्याच्या कंपनीत दाव्यांच्या फायली तपासते आणि आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करते. लॅपटॉप मिटला आणि मोठ्या उत्साहाने जाऊन म्हणाले, "मम्मी, यंदा डुलडुल मी करते. तुम्ही नुसतं बसून सांगा." मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, लुईझा. माझा नवरा एल्रॉय त्यांना मम्मी म्हणतो म्हणून मीही म्हणते. त्या गवार मोडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "यंदा नाय. पुढच्या वर्षी शिकवीन." आणि वर हे, "नाताळपर्यंत तू इकडं जरा कमीच ये."

घ्या! मे महिन्यात रजिस्टर लग्न करून मी वसईजवळच्या गास गावात, या घरात आले, तेव्हापासून डुलडुलचं कौतुक ऐकतेय. खरं तर ते जेलीचं फ्रूट सॅलड. लाल जेलीत डब्यातला अननस, सफरचंद, द्राक्षं आणि आमच्याच वाडीतली केळी, खाली दुधाचा पांढरा थर. कंगोऱ्यांच्या तांब्याच्या साच्यात लावायचं आणि ताटात उपडं करायचं. एल्रॉयच्या पप्पांची आत्या, प्रिसिलाआत्या, वांद्र्याला कुणा कप्तानाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती, तिने ते शिकून आणलं. पप्पा गेले त्या वर्षीसुद्धा मम्मींनी ती केली होती म्हणे. आणि आत्याने शिकवलं ते मम्मींना, घरच्या सुनेला. मग मी कोण आहे? पेइंग गेस्ट?

पण खरं दुखणं ते नाही. खरं दुखणं रेल्वेच्या पलीकडे आहे, एव्हरशाईन सिटीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबा. रिक्षाने जायचं अंतर, पण लग्नापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. भांडले असते तर मीही भांडले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण बाबा भांडत नाहीत, गप्प होतात. आई फोन करते तेव्हा मागे त्यांचं खोकणं ऐकू येतं आणि मी ते कान देऊन ऐकते. बापाचं खोकणं ऐकून बरं वाटणारी मुलगी दुसरी कुणी नसेल.

या नाताळला बाबा इथे जेवायला आले पाहिजेत. मला दुसरं काही नको.

४ डिसेंबर

सकाळी बावखलावर धुकं होतं. बावखल म्हणजे आमच्या वाडीमागचं तळं, पूर्वी त्याच्यावर सगळी बागायत भिजायची. केळीची झाडं कमरेपर्यंत धुक्यात बुडालेली आणि वर नुसती पानं तरंगत होती. मी चहाचा कप घेऊन इतका वेळ उभी राहिले की चहा थंड झाला आणि ऑफिसचा फोन दोनदा वाजून बंद पडला. अशा वेळी मला काहीही शक्य वाटतं. धुक्यातून बाबा चालत येतील, हातात कापडी पिशवी, आणि म्हणतील, "काय गं, चहा आहे का?"

बाबांना मोठा मेसेज लिहिला. खोडला, परत लिहिला. शेवटी पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मम्मींचं मात्र वेगळंच चाललंय. भाजी चिरता चिरता विचारलं, "तुझे बाबा माळकरी ना? म्हंजे अंडं पन नाय?" मी म्हटलं, नाही, मांस-मच्छी-अंडं काही नाही. मग म्हणाल्या, "आनि दुसऱ्याच्या घरचं पानी?" आता हा काय प्रश्न झाला! मी जरा तडकूनच बोलले, "माझे बाबा शिवाशिव पाळणारे नाहीत, मम्मी. माळ घातलीय त्यांनी, सोवळं नाही." त्या म्हणाल्या, "तसं नाय गं." आणि पुन्हा भाजी चिरू लागल्या. तसं नाही तर कसं? टोमणाच होता तो, मला कळतो.

७ डिसेंबर

मम्मी चर्चमधल्या मिस्सेनंतर, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, परस्पर वसई पूर्वेला गेल्या. काय काम म्हणाल्या नाहीत. त्या कधी रेल्वे ओलांडून जात नाहीत, तिकडच्या गर्दीत डोकं दुखतं म्हणतात. दुपार टळल्यावर आल्या, दमलेल्या, चेहरा मात्र शांत.

येताना पुडीत शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. "बाजारात मिळाली," म्हणाल्या. मी भाकरीशी खाल्ली आणि चाटच पडले. अगदी आईच्या हातची चव! लसूण जास्त, मीठ कमी, दाणे अर्धवट कुटलेले. आईच्या माहेरची, फलटणची कुणी बाई विकत असणार. आईला फोन करून सांगितलं तर ती उगीचच हसत सुटली.

८ डिसेंबर

आईचा फोन!!! बाबा येतो म्हणाले!

नाताळला, जेवायला, इथे! आई म्हणाली, "फार प्रश्न विचारू नकोस. येतो म्हणालेत ना, झालं तर." मला ठाऊक होतं, मेसेजने काम केलं. शेवटची ओळ मी फार विचार करून लिहिली होती. एल्रॉयला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "हो हो, मेसेजच." त्याला मराठीतलं लालित्य कळत नाही.

मम्मींना सांगितलं. त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. "बरं झालं," एवढंच. अगं बाई, जरा तरी आनंद दाखवावा माणसाने! मला इतकी चीड आली की मी खोलीत जाऊन थोडी रडले. अर्थात आनंदानेच रडले, पण सुरुवात चिडीने झाली.

११ डिसेंबर

घरात नवी भांडी आलीत. स्टीलचं पातेलं, झाकणी, उलथनं, सुरी, पळी. सगळं वरच्या फळीवर, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. मी सुरी घ्यायला गेले तर मम्मी ओरडल्या, "ती नको! त्यानी मासळी कापशील." म्हणजे माझ्या हाताचा भरवसा नाही. मी आयुष्यात मासळी कापायला शिकले ती यांच्याकडेच, आणि आता माझ्या हाताला वास येतो होय?

दुसरं म्हणजे त्या रोज दुपारी दार लोटून काहीतरी शिजवतात आणि मग छोट्या छोट्या वाट्या मागच्या ओट्यावर मांडून ठेवतात. जेलीच्या वाट्या! एक पाण्यासारखी पातळ. एक इतकी घट्ट की कोंबडीने चोच मारली ती आत रुतली. मम्मी प्रत्येक वाटीला चमच्याने टोचून बघतात आणि मान हलवतात. इतकी वर्षं डोळे मिटून डुलडुल करणारी बाई, आणि हे काय? वय झालं की हात विसरतो का?

एका वाटीकडे मात्र मी बघतच राहिले. ऊन तिच्यातून आरपार जात होतं. लाल उजेड ओट्यावर पडला होता आणि एक मुंगी त्या उजेडातून चालत गेली, तेवढा वेळ तीही लाल झाली. मी गाल ओट्याला टेकवून त्या वाटीतून वाडीकडे पाहिलं. लाल केळी, लाल आभाळ, लाल मम्मी दोरीवर लाल चादर टाकताना. फार बरं वाटलं. असंच कुणीतरी आपल्याला उन्हात ठेवून द्यावं आणि आपण हळूहळू घट्ट व्हावं.

एक गंमत, ती वाटी फ्रिजमध्ये न ठेवताच लागली. यंदा थंडी चांगलीच पडलीय.

१२ डिसेंबर

पहाटे स्वप्न पडलं. मी त्या जेलीच्या आत होते. द्राक्षं डोक्याएवढी, माझ्या आजूबाजूला तरंगत होती. बाहेर बाबा खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. मी हाका मारत होते, पण जेलीतून आवाज जात नव्हता. मी ढकललं की सगळं हलायचं आणि बाबा लांब-जवळ, लांब-जवळ व्हायचे. भीती वाटली नाही. गोड वास होता आणि फार झोप येत होती.

उठले तर चर्चची घंटा होत होती आणि एल्रॉयने माझी उशी पळवली होती.

१५ डिसेंबर

कप्पाळ माझं! कप्पाळ!

मम्मी बाजारात गेल्या होत्या. मी कपाटात दालचिनी शोधत होते तर जिलेटिनचं पाकीट हाती लागलं. सहज उलटून पाहिलं. मांसाहाराची तपकिरी खूण. ऑनलाइन वाचलं आणि डोकं धरून बसले. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून करतात, कातड्यापासून करतात. मला कसं माहीत नाही? मी लहानपणापासून वाढदिवसाला मैत्रिणींकडे जेली खात आलेय, बाबांना न सांगता आईस्क्रीम पार्लरमध्येही खाल्लीय. देवा!

आता काय? नाताळच्या जेवणात सगळ्यात मानाचा पदार्थ तो. मम्मी आधी पाहुण्याला वाढणार. पाहुणे बाबा. त्यांना सांगितलं नाही तर मी त्यांच्या माळेला दगा दिला. खाल्ल्यावर कधी कळलं तर ते मेले तरी माझं तोंड बघणार नाहीत, आणि त्यांचं चुकेल असंही मला म्हणता येणार नाही. आणि मम्मींना सांगू, की तुमच्या आत्याच्या डुलडुलमध्ये हाडं आहेत, माझ्या बापासमोर आणू नका? ज्या घरात मला अजून सुरीला हात लावू देत नाहीत, तिथे?

पाकीट अजून फोडलेलंही नाही. म्हणजे खरी डुलडुल अजून व्हायचीय.

१६ डिसेंबर

सांगू की नको. सांगू की नको. कामात चुका होतायत. आज एका म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदूचा दावा बाळंतपणाच्या फायलीत टाकला.

१९ डिसेंबर

एल्रॉयने अंगणात चांदणी टांगली. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठाही झाला, वाडीतल्या पेंढ्याचा. संध्याकाळी कॅरोलवाली मंडळी येऊन गाऊन गेली. त्यांच्या बोलीतली गाणी मला निम्मी कळतात, निम्मी नुसती अंगावरून वाऱ्यासारखी जातात. मी ओट्यावर बसून डोळे मिटले. आई-बाबा, मम्मी, एल्रॉय, सगळे एका लांब टेबलाशी बसलेत आणि कुणी कुणाला काही विचारत नाही, असं दिसलं. डोळे उघडायला नको वाटत होते.

एल्रॉयला सगळं सांगितलं. जिलेटिन, हाडं, बाबा, सगळं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मम्मीवर सोड ना."

"मम्मीवर काय सोडू? त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नसेल. आणि रोज वाट्या बिघडतायत त्यांच्या. एल्रॉय, मला वाटतं त्यांना आता जमत नाही."

तो हसायला लागला. स्वतःच्या आईचा हात चालत नाही आणि हा हसतो! मी त्याला उशी फेकून मारली. "करू दे तिला," म्हणाला, "तिला कुणी शिकवायला गेलं की जास्त चुकतं."

या घरात सगळे मला लहान पोर समजतात.

२३ डिसेंबर

केलं एकदाचं.

दुपारी बाबांना फोन लावला. आईला नाही, बाबांना. वाजत राहिला आणि मग उचलला. ते काही बोलले नाहीत, नुसता श्वास. मीच बोलत सुटले. "बाबा, मी सुमेधा. ऐका, परवा जेवताना शेवटी एक लाल जेली येईल. मोठी, साच्यातली. ती तुम्ही घेऊ नका. तिच्यात जनावराच्या हाडांचं असतं. बाकी सगळं शाकाहारी आहे, मी स्वतः बघेन. जेलीला नुसते हात जोडा. त्यांना वाईट वाटेल, पण मी नंतर सांभाळून घेईन."

मग बाबा म्हणाले, "बरं."

बरं! मे महिन्यापासूनचा पहिला शब्द. मी फोन छातीशी धरून बसले.

मम्मी खिडकीबाहेर परसात कपडे वाळत घालत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नसणार, वारा होता. नंतर आत आल्या तेव्हा म्हणाल्या, "चहा टाकू का गं तुला?" आवाज जरा मऊ होता. मी त्यांचा अपमान ठरवून बसलेय आणि त्या मला चहा विचारतायत. लाज वाटली. पण बाबांना फसवू शकत नाही मी. नाहीच.

२४ डिसेंबर

घर नेवऱ्यांच्या, म्हणजे इथल्या करंज्यांच्या, वासाने भरलंय. डुलडुल झाली. मी बघितली नाही, दार लोटलेलं होतं. साचा फडक्याखाली झाकून ठेवलाय. मम्मींनी त्याच्यावर क्रूसाची खूण केली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी दारातून पाहत होते. त्यांना घाबरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

२५ डिसेंबर

संध्याकाळ झालीय. सगळे गेले. आता लिहिते, नाहीतर सुटेल काहीतरी.

बाबा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात माळ, हातात कापडी पिशवी. आई नवी साडी नेसलेली. बाबा पायरीवर थबकले, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तेवढं पुरे होतं. मग मम्मींना हात जोडून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही चहासुद्धा न घेता गेलात."

त्या दिवशी? कुठल्या दिवशी?

मी आईकडे पाहिलं. आईने पदराने तोंड झाकलं, पण डोळे हसत होते. चटणी! माझ्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. सात तारखेला मम्मी बाजारात नव्हत्याच गेल्या. आणि मी इथे मेसेजच्या शेवटच्या ओळीचं कौतुक करत बसले होते.

जेवायला बसलो. आम्ही चौघं, मम्मी आणि एल्रॉयचे काका मार्सेलअंकल, त्यांची माणसं. बाबांसमोर केळीचं पान, त्यावर वालाचं बिरडं, कच्च्या केळ्याची भाजी, वरण, भात, वडे. सगळं नव्या पातेल्यांतलं, नव्या पळीने. मम्मी वाढताना म्हणाल्या, "भाऊ, ह्या भांड्यांना दुसरं कायपन लागलेलं नाय. निवांत जेवा." ती भांडी! ती सुरी! बाबा निवांत जेवले, बिरडं मागून घेतलं.

मग डुलडुल आली.

मम्मींनी ती दोन्ही हातांनी आणून टेबलाच्या मधोमध ठेवली. काय दिसत होती! खिडकीतल्या उन्हात लालभडक, आत अननसाच्या चकत्या आणि द्राक्षं, खाली दुधासारखा पांढरा थर. मम्मींनी पहिली बशी बाबांपुढे केली. आणि बाबांनी, मी सांगितलं होतं तसेच, हात जोडले. "मला माफ करा. हे मला चालत नाही."

मम्मींनी बशी खाली ठेवली. "बरं, भाऊ," म्हणाल्या. एवढंच. मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

मग मार्सेलअंकल उठले आणि मला या घरची रीत कळली, जी आजवर कुणी सांगितली नव्हती. कापायच्या आधी सगळ्यांनी टेबलाच्या कडेवर तळवे मारायचे, एका तालात. डुलडुल जितकी नाचेल तितकं येणारं वर्ष हसत जाणार. अंकलनी ठेका धरला. धडाम धडाम, ग्लास उडायला लागले, चमचे वाजायला लागले, सगळे ओरडत होते, "डुल गं डुल! डुल गं डुल!"

ती हलली नाही.

अजून जोरात. अंकलचा चेहरा लाल. ताटं सरकली, बाबांच्या पानावरचा वडा घरंगळला. डुलडुल तशीच ताठ, जागची हलेना. एकेकाचे हात थांबले. कुणीतरी हळूच म्हणालं, "असं कधी झालं नाय." मग अंकल हसले, म्हणाले, "काय गं लुईझा, दगड केला की काय?" आणि सगळे हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. मम्मीही हसल्या. "सुरी आनते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी मागोमाग धावले. "मम्मी, काय झालं? जिलेटिन जुनं होतं का?"

"जिलेटिन नाय त्यात," त्या म्हणाल्या. पाठमोऱ्याच होत्या. "चायना ग्रास हाय. समुद्रातल्या शेवाळाचं. ते हलत नाय, काय करू? किती प्रकारे करून बघितलं. पातळ केलं तर उभं राहत नाय, उभं राहिलं तर डुलत नाय."

वाट्या. ओट्यावर, रोज दुपारी. मी म्हणाले, "मग सांगितलं का नाही? मी बाबांना फोन करून..."

"ऐकला मी तुझा फोन."

"ऐकलात? आणि तरी?"

त्या वळल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव सांगावा तसा. "तू तुझ्या बापाला जपलंस. मी मधी कशाला बोलू? आनि आधी सांगितलं असतं, बघा भाऊ, तुमच्यासाठी आमची रीत मोडली, तर त्यांना खावीच लागली असती. मला तसं नको होतं. खाल्ली तर खाल्ली, नाय तर नाय."

"पण सगळे हसले तुम्हाला!"

"हसू दे. माझेच लोक हायेत."

मी त्यांच्या गळ्यात पडले आणि भोकाड पसरलं. दुसरा शब्दच नाही. त्या माझी पाठ थोपटत म्हणत होत्या, "सुरी लागेल गं तुला, थांब."

बाहेर आलो तर बाबा उभे होते. त्यांनी चमच्याने डुलडुलच्या कडेचा एक तुकडा तोडला होता आणि तो डोळ्यांजवळ धरून बघत होते. आईला म्हणाले, "उन्हाळ्यात तू दुधाची करायचीस, अशीच न हलणारी, ती हीच ना?" आई म्हणाली, "तीच. चायना ग्रासची." बाबांनी तो तुकडा तोंडात टाकला. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, सावकाश खाल्ला.

मग मार्सेलअंकलकडे वळून म्हणाले, "दादा, हिला हसू नका. ही हलणार नाही. ही माझ्यासाठी केलीय."

अंकल खाली बसले. माझे बाबा, जे चार माणसांत तोंड उघडत नाहीत, त्यांनी स्वतःची बशी उचलून मम्मींपुढे धरली आणि म्हणाले, "वाढा, विहीणबाई."

विहीणबाई. म्हणजे मी त्यांची मुलगी आणि एल्रॉय त्यांचा जावई. एवढं सगळं त्या एका शब्दात बाबांनी कबूल करून टाकलं, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मम्मींनी वाढलं. तुकडा बशीत आडवा पडला. बाबांनी पूर्ण संपवला आणि अजून मागितला. मग सगळ्यांनी घेतला. अंकलनी तर तीनदा घेतला, शरमेने असेल. खरं सांगू? फार काही चांगली झाली नव्हती. दाताखाली कचकन तुटत होती. मी दोन बशा खाल्ल्या.

निघताना उन्हं उतरली होती. वाडीवरून गार वारा येत होता आणि मला सगळंच जरा स्वप्नातल्यासारखं दिसत होतं, रिक्षा, चांदणी, आईची साडी. बाबा रिक्षात बसले, आणि परत उतरले. मम्मींजवळ गेले.

"विहीणबाई, पुढच्या वर्षी तुमची नेहमीची करा. आत्याबाईंची."

"तुम्हाला चालनार नाय ती, भाऊ."

"मी खाणार नाही," बाबा म्हणाले. "पण टेबल वाजवायला येईन."